बार्शीची नोंदवही

देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सोलापूर जिल्ह्यात, बार्शीत सुरू झाली, १९८७ साली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांत कोणाला कोणता कर्करोग होतो, हे मोजायचं होतं. मुंबईची नोंदणी १९६३ची, पण तिथे रुग्णालयांच्या कागदांवर काम भागत असे. इथे माणसं दुखणं अंगावर काढायची, दवाखान्यापर्यंत पोचायचीच नाहीत. म्हणून नोंदणीचे कर्मचारीच गावोगाव फिरले. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाणं, स्तनातली गाठ, तोंडातली न भरणारी जखम, हे काय असू शकतं ते समजावलं आणि संशय आला की बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात तपासणीला यायला सांगितलं. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण आधीच्या टप्प्यावर येऊ लागल्या. कुठलंही नवं यंत्र न आणता, नुसतं जाऊन बोलल्याने एवढं घडलं, याचं मोल मला फार वाटतं.

याच पायावर १९९९पासून शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचं रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ गट. काहींची एचपीव्ही चाचणी (हा कर्करोग घडवणारा विषाणू शोधणारी), काहींची पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारी), काहींच्या गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी; कोणतीही तपासणी एकदाच. २००९मध्ये निष्कर्ष छापून आले. एचपीव्ही गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात ६४. त्या चौसष्ट जणी मनातून जात नाहीत. त्या गटाला तपासणी का दिली नाही, अशी टीका पुढे झाली आणि ती रास्तच होती.

२०१६मध्ये केंद्राने तिशीनंतरच्या कर्करोग तपासणीची चौकट आखली. तरी २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या शंभरांतल्या दोघींचीही गर्भाशयमुखाची तपासणी कधी झालेली नव्हती.

सोलापुरात याचं कारण बिडी वळणाऱ्या वस्तीत दिसतं. मजुरी हजार बिड्यांवर मिळते. सिव्हिलला दिवस गेला की ती बुडते. एचपीव्ही चाचणीचा नमुना आता बाईला स्वतःही घेता येतो. आशाताईंनी तो वस्तीतच गोळा केला, तर मजुरीही वाचेल आणि परक्यासमोर झोपायचा संकोचही उरणार नाही.