रबर विसरतं तेव्हा

"जुनं रबर कडक झालंय ना? रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवा, सकाळी लोण्यासारखं मऊ!" हा सल्ला मला उन्हाळ्यात तीन जणांनी दिला. त्यातले एक तर निवृत्त इंजिनिअर. निमित्त होतं देवळाली कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्यातून आणलेल्या कपडे धुण्याच्या यंत्राचं. इनॅमलची चौकोनी टाकी, पोटात मोटार आणि वर हाताने फिरवायचे दोन रबरी रोलर. धुतलेला कपडा रोलरांत सरकवायचा, दांडा फिरवायचा, पाणी खाली टाकीत आणि कपडा पलीकडे. 1948 मध्ये हूवर कंपनीने वेल्समधल्या कारखान्यात साधारण याच घाटाची यंत्रं काढायला सुरुवात केली होती. माझ्या यंत्रावरची पाटी मात्र घासून गेलीय, त्यामुळे त्याचं गोत्र लागत नाही.

मालकांनी ते फुकट दिलं. बंद पडलेलं यंत्र घरात असलं की लक्ष्मी टिकत नाही, असं त्यांना एका वास्तुतज्ज्ञाने सांगितलं होतं. माझी लक्ष्मीही गेली म्हणा, पण ती अंबडच्या एका कारखान्यात, रबर चढवायला. पावती आहे.

साफसफाईचं फार कौतुक नको. टाकीच्या तळाला क्षारांची खरपुडी होती. बोअरच्या पाण्याचा गिझर ज्यांनी उघडून पाहिलाय त्यांना ती माहीत असेल. व्हिनेगर ओतल्यावर ती फसफसली, म्हणजे शाळेतलाच प्रयोग: कार्बोनेट अधिक आम्ल, निघाला कार्बन डायऑक्साइड. इनॅमल म्हणजे लोखंडावर भाजून चढवलेली काच, म्हणून तारेची घासणी वर्ज्य. मोटारीची जुनी वायर हात लावताच भुगा झाली, ती बदलून अर्थिंगसकट तीन पिनांची घातली. दोन रविवारांत एवढं उरकलं.

अडलं ते रोलरांपाशी. दोन्ही दगडासारखे कडक, कडांना भेगा आणि एकमेकांना टेकलेल्या बाजूने चपटे. बंगला बंद करताना कुणीतरी दाबाचा स्क्रू आवळलेलाच ठेवला होता. रोलर कित्येक वर्षं एकमेकांना दाबत उभे. पण मग स्क्रू सोडल्यावर ते पुन्हा गोल का झाले नाहीत? रबर ना ते?

एक रुंद रबरबँड घ्या, झटकन ताणा आणि लगेच वरच्या ओठाला लावा. कोमट लागेल. ताणलेलाच थोडा वेळ धरा, मग सैल सोडून पुन्हा लावा. गार! जॉन गॉफ या अंध इंग्रज अभ्यासकाने हे 1805 मध्ये नोंदवलं होतं. स्टीलची स्प्रिंग ताणली की अणूंमधले बंध ताणले जातात. रबराचं तसं नाही. रबर म्हणजे लांबलचक साखळ्यांचा गुंता, आणि त्या साखळ्या उष्णतेने सतत वळवळत असतात. गुंतून राहायच्या त्यांना असंख्य तऱ्हा, सरळ राहायच्या मोजक्या. ताणलं की तऱ्हा कमी होतात, म्हणजे एंट्रॉपी घटते आणि त्या बदल्यात उष्णता बाहेर पडते. सोडलं की साखळ्या पुन्हा गुंत्यात शिरतात. रबर मूळ आकाराला येतं ते मुख्यतः या वळवळीमुळे. (एंट्रॉपी डोक्यावरून गेली तरी चालेल, ओठांवरचा प्रयोग पुरे.)

पण नुसत्या साखळ्या एकमेकींवरून घसरत राहतील. कच्चं रबर म्हणूनच उन्हात चिकट होतं. 1839 मध्ये चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णतेची युक्ती सापडली. गंधकाचे अणू साखळी-साखळीत पूल बांधतात, आणि मूळ आकार कोणता हे त्या पुलांनी ठरतं.

आता आवळलेल्या स्क्रूकडे या. गंधकाचे हे पूल अमर नसतात. त्यातले काही सावकाश तुटतात आणि शेजारच्या साखळीशी नव्याने जुळतात. जुळतात ते त्या वेळच्या आकारात, म्हणजे चपट्या. वर्षानुवर्षं असे पूल बदलत गेले की रबर गोल असणं विसरतं. सोबतीला हवेतला ऑक्सिजन जादाचे पूल बांधून पृष्ठभाग कडक करतो. ओझोन तर साखळीतले दुहेरी बंधच तोडतो, आणि जिथे रबर ताणलेलं तिथे भेग उघडते. म्हणून भेगा कडांना.

रॉकेल यात काय करणार? रॉकेलही हायड्रोकार्बन, रबरही. त्याचे रेणू साखळ्यांमध्ये घुसतात, रबर फुगतं, मऊ वाटतं. रॉकेल उडून गेलं की पुन्हा जैसे थे. तुटलेली साखळी जुळत नाही, भेग बुजत नाही, उलट रबराला टिकवणारी मिसळलेली रसायनं रॉकेलबरोबर निघून जातात.

म्हणून अंबड. छपाईच्या यंत्रांचे रोलर करणाऱ्याकडे. जुनं रबर लेथवर उतरवलं, लोखंडी दांडा खरवडून त्यावर चिकटद्रव्य लावलं, कच्च्या रबराचे पत्रे गुंडाळले, वर कापडी पट्टी करकचून बांधली आणि वाफेच्या बंद भांड्यात साधारण 150 अंशांना शिजवलं. मग घासून गोल केलं. कारागिराचा पहिला प्रश्न, "कडक हवं की नरम?" मी म्हटलं नरम, टायरपेक्षा नरम.

कारण पिळण्याचं सगळं काम त्या नरमपणात आहे. सुती कापडाच्या तंतूंमधल्या फटी 10 मायक्रॉन (मिलिमीटरचा शंभरावा भाग) त्रिज्येच्या धरल्या, तर केशाकर्षणाने त्या सुमारे 1.4 मीटर उंचीचं पाणी धरून ठेवतात. म्हणून दोरीवरची चादर ठिबकायची थांबते, तरी ओलीच असते. त्या पाण्याला बाहेर काढायचं तर फटीच चेपाव्या लागतात. रसवंतीतल्या चरकासारखे लोखंडी रोलर वापरले तर सगळा भार शिवणीवर आणि बटणांवर येईल, बाजूचं कापड तसंच राहील. नरम रबर शिवणीभोवती वळतं आणि बाजूच्या कापडालाही दाबतं. आणखी एक खाच अशी, की रोलरांतून सुटल्याबरोबर कापड फुगतं आणि जवळ पाणी असेल तर परत शोषतं. निथळलेलं पाणी कपडा जिथून आत जातो त्या बाजूनेच खाली वाहून जावं म्हणून रोलरांखालची पाटी तिरकी असते.

यंत्र आता चालतं. शर्ट, टॉवेल, सहावारी साडी, सगळं झकास. काम झालं की स्क्रू ढिला, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. फक्त गोधडी हरली. रोलर 5 सेंटिमीटर व्यासाचे. त्यांनी 3 मिलिमीटर दाबायचं असेल तर कापड आपसूक ओढलं जायला घर्षणांक (म्हणजे रबराची कापडावरची पकड मोजणारा आकडा) साधारण 0.36 पुरतो, पण 1 सेंटिमीटर दाबायचं असेल तर 0.75 लागतो. साबणाचं पाणी तेवढा देत नाही. रोलर जागच्या जागी फिरत राहतात आणि गोधडी तोंडाशीच अडते. तिच्या एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला मी, आणि गच्चीवर उलटसुलट पीळ.