ऑनलाइन गेमचे चाहतेसमूह थंडावणे (खानदेश)

एखाद्या ऑनलाइन व्हिडिओ गेमभोवती जमलेल्या लोकांचे आपसांतले बोलणे काळाच्या ओघात आटत जाण्याची प्रक्रिया. गेम बंद पडणे ही वेगळी घटना आहे. गेम सुरू असताना, कित्येकदा तो भरात असतानाही, त्याच्या चाहत्यांचा समूह गप्प होतो. तो का गप्प होतो, हा येथे विषय आहे. सर्वसाधारण विवेचनानंतर जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील स्थिती दिली आहे.

उगम व व्याप्ती : असे समूह केव्हा अस्तित्वात आले याविषयी एकमत नाही. केवळ मजकुरावर चालणारा ‘मड’ हा बहुखेळाडू खेळ रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल यांनी इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात 1978 च्या सुमारास उभा केला आणि पुष्कळ अभ्यासक तेथूनच प्रारंभ धरतात. दुसरा पक्ष अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या संगणकप्रणालीकडे बोट दाखवतो. तिच्यावर 1973 पासून ‘नोट्स’ ही सामायिक टिपणे लिहिण्याची सोय होती आणि त्याच दशकात अनेकांनी मिळून खेळायचे खेळही तिच्यावर होते. तिसरे मत 1980 मध्ये सुरू झालेल्या ‘यूजनेट’च्या चर्चागटांना हा मान देते. हा वाद नुसत्या सनावळीचा असता तर येथे एका ओळीत आटोपता आला असता. पण ‘मड’ला आद्य मानले की खेळता खेळता होणारे बोलणे म्हणजेच समूह असे धरावे लागते, आणि मग सर्व्हर बंद झाला की समूहही संपला. प्लेटो किंवा यूजनेटपासून मोजायला लागले, तर खेळाबाहेर, खेळाविषयी होणारे बोलणे मुख्य ठरते. तसे धरले तरच खेळ जोरात आणि समूह मुका, ही आज सर्रास दिसणारी स्थिती समजून घेता येते. म्हणून ही दुसरी व्याख्या अधिक उपयोगाची आहे. ‘उरू’ या गेमचा दाखला तिला बळ देतो. त्याची ऑनलाइन सेवा फेब्रुवारी 2004 मध्ये बंद झाली, तरी त्याचे खेळाडू ‘देअर’ व ‘सेकंड लाइफ’ या अन्य आभासी जगांत एकत्र राहिले. सीलिया पिअर्स यांनी या स्थलांतराचा दीर्घ अभ्यास केला आहे. घर गेले, भावकी राहिली, असा हा प्रकार होता.

मोजमाप : समूह थंडावला हे कशावरून ठरवायचे, यातही घोटाळा होतो. खेळणारे, वाचणारे आणि बोलणारे हे तीन निरनिराळे आकडे आहेत. याकोब नीलसेन यांनी 2006 मध्ये मांडलेला ठोकताळा प्रसिद्ध आहे : शंभरांतले सुमारे नव्वद फक्त वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात आणि बहुतेक मजकूर एकाच्या हातचा असतो. हा नियम नव्हे, ठोकताळाच आहे आणि समूहासमूहांत तो बराच बदलतो. तरी त्यातून एक गोष्ट कळते. हजारांच्या समूहातून दहा जण गेले तर सभासदसंख्या जवळपास तीच राहते आणि बोलणे मात्र बंद होते. म्हणून सभासदसंख्येवरून समूहाच्या प्रकृतीचा अंदाज बांधणे चूक ठरते.

कारणमीमांसा : बोलणे का आटते याची तीन-चार उत्तरे दिली जातात. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी 1970 मध्ये संस्था व ग्राहक यांच्यासंबंधात ‘निघून जाणे’ आणि ‘तक्रार करणे’ असे दोन मार्ग सांगितले होते. काही अभ्यासक तीच चौकट येथे लावतात. तिच्यानुसार निघून जाणे सोपे झाले की तक्रार, वाद, सूचना हे सगळेच कमी होते. ब्रायन बटलर यांनी 2001 मध्ये ईमेलवरच्या चर्चागटांचा अभ्यास करून दाखवले की मोठा गट नव्या लोकांना ओढतो, पण असलेल्यांना टिकवणे त्याला जड जाते. निकोलस डुशनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधील गिल्ड, म्हणजे खेळाडूंचे संघ, का टिकतात व का मोडतात हे तपासताना संघाचा आकार आणि सभासदांचे आपसांतले लागेबांधे यांकडे लक्ष वेधले.

ही सर्व मते खरी धरली, तरी त्यांत एक गोष्ट मागे पडते. चाहतेसमूह प्रश्नांवर जगतो. नवा गेम आला की कोणालाच काही ठाऊक नसते. कोणते शस्त्र चांगले, कोणत्या जागी काय मिळते, अमुक टप्पा कसा ओलांडायचा, हे विचारावे लागते आणि सांगणाऱ्यालाही त्यात मान मिळतो. वर्ष-दोन वर्षांत उत्तरे सापडतात आणि एका जागी लिहून निघतात. 2004 मध्ये सुरू झालेल्या ‘विकिया’सारख्या, पुढे ‘फॅन्डम’ नाव घेतलेल्या, ज्ञानसंग्रहांनी हे काम फार चोख केले. नंतर व्हिडिओंनी तर दाखवूनच दिले. आता नवख्याला विचारण्याची गरज उरत नाही. पण विचारण्याच्या निमित्तानेच तर तो ओळखीचा व्हायचा. न विचारता शिकलेला खेळाडू खेळात तरबेज होतो आणि समूहात अनोळखी राहतो. जुने आपल्या संसाराला लागतात, त्यांच्या जागी बोलणारा कोणी तयार झालेला नसतो. लाइव्ह खेळून दाखवणाऱ्या स्ट्रीमरमुळेही ओढा बदलला. तेथे हजारो जण एकाच वेळी लिहितात, पण सगळे एका माणसाला उद्देशून.

खानदेशातील वाटचाल : जळगाव, धुळे, भुसावळ अशा शहरांत साधारण 2000 नंतरच्या दशकात सायबर कॅफे रुळले आणि ‘काउंटर-स्ट्राइक’सारखे गेम तासाच्या दराने खेळले जाऊ लागले. तेथील समूह एका खोलीत मावणारा होता. ऑर्कुट या समाजमाध्यमावरील गेमप्रेमींच्या कम्युनिटी हा त्याचा पुढचा टप्पा. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 रोजी बंद झाले आणि त्या काळच्या लेखी गप्पांचा मोठा भाग त्याबरोबर गेला.

लेखी बोलण्याच्या दृष्टीने सर्वांत भरघोस काळ ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’चा मानावा लागेल. हा गेम 2012 मध्ये आयफोनवर व 2013 मध्ये अँड्रॉइडवर आला. त्यातील क्लॅनमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या गटात, जास्तीत जास्त 50 जण असतात. 2014 मध्ये सुरू झालेल्या क्लॅन वॉरमध्ये, म्हणजे दोन क्लॅनमधील लढतीत, एक दिवस तयारीचा व एक दिवस लढाईचा असतो आणि प्रत्येकाला दोन हल्ले मिळतात. सगळे एकाच वेळी फोनवर असण्याची गरज नसते. उलट ते नसतातच. कॉलेजला गेलेला मुलगा दुपारी हल्ला करणार, दुकानावर बसणारा रात्री. त्यामुळे कोणी प्रतिपक्षाच्या कोणत्या तळावर हल्ला करायचा हे लिहूनच ठेवावे लागते. सैन्य मागायचे तर चॅटमध्ये मागावे लागते आणि दुसऱ्याने दिल्यावर त्याचे नाव तेथे दिसते. अमळनेर किंवा शिरपूरकडच्या क्लॅनमध्ये गावचा, शेजारच्या गावचा आणि पुण्यात शिकायला गेलेला मुलगा एकत्र असे. इंग्रजी लिपीत टंकलेली मराठी, मधेच अहिराणी, यावल-रावेरकडचा असला तर लेवा गणबोली, अशी त्या चॅटची भाषा होती. संध्याकाळी कोणी तरी ‘कोनी शे का रे भो?’ (कोणी आहे का रे भाऊ?) असे टाकले की दोन-चार उत्तरे यायची. खेळाच्या रचनेनेच माणसाला लिहिते ठेवले होते. 2019 मध्ये या गेममधील सर्वांना खुले असलेले जागतिक चॅट काढून टाकण्यात आले. अनोळखी माणूस योगायोगाने क्लॅनमध्ये येण्याची एक वाट त्यामुळे बंद झाली.

दरम्यान सप्टेंबर 2016 मध्ये जिओची सेवा सुरू झाली. महिनाभर पुरवून वापरायचा डेटा रोजच्या हिशेबावर आला आणि 2018 मध्ये आलेल्या ‘पब्जी मोबाइल’ला खेडोपाडी खेळाडू मिळाले. त्यापाठोपाठ कमी किमतीच्या फोनवरही चालणारा ‘फ्री फायर’ पसरला. चाहत्यांची संख्या पूर्वी कधी नव्हती एवढी झाली, आणि समूहाचा आवाज मात्र येथूनच उतरू लागला, असे दिसते. या गेममधील स्क्वॉड, म्हणजे एकत्र खेळणारा संघ, चार जणांचा असतो. चौघे एकाच वेळी लागतात आणि चौघांनी माइक सुरू केला की लिहिण्याचे काम उरत नाही.

खानदेशात या बदलाचा परिणाम अधिक खोल झाला असावा. अहिराणी ही येथे मुख्यतः तोंडी चालणारी भाषा आहे. घरात अहिराणी, शाळेत प्रमाण मराठी अशा सवयीत वाढलेल्या मुलाला अहिराणी लिहिताना अडखळायला होते, बोलताना होत नाही. माइकवर ‘तठे दोन शेत, घरना मांगे’ (तिथे दोन आहेत, घराच्या मागे) हे जितक्या झटक्यात निघते तितक्या झटक्यात ते टंकता येत नाही. तेव्हा बोलणे पुष्कळ वाढले आणि तेही मायबोलीत, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण ते चौघांत राहिले, सामना संपताच विरले आणि पाचव्याच्या कानावर पडले नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दोनशे जणांच्या ग्रुपमध्ये उरले ते रूमचा, म्हणजे आपसांत लावलेल्या खासगी सामन्याचा, आयडी, पासवर्ड आणि वाढदिवसाची बॅनरे.

बंदीचा प्रश्न : खेळाडूंमध्ये सर्रास सांगितले जाणारे कारण वेगळे आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम 69 अ खाली केंद्र सरकारने 2 सप्टेंबर 2020 रोजी पब्जी मोबाइलसह 118 ॲपवर बंदी घातली आणि 30 ऑक्टोबरला त्याची भारतातील सेवा थांबली. त्याची भारतीय आवृत्ती ‘बीजीएमआय’ 2 जुलै 2021 रोजी आली, जुलै 2022 अखेर ॲप-दुकानांतून हटवली गेली आणि मे 2023 मध्ये परतली. ‘फ्री फायर’वर फेब्रुवारी 2022 मध्ये बंदी आली, पण ‘फ्री फायर मॅक्स’ राहिला. टाळेबंदीत रात्र रात्र जागणारे समूह याच काळात विस्कटले, हे खरे आहे. तथापि बंदीला मूळ कारण मानणे पटत नाही. बंदीची बातमी हा बोलण्याचा विषयच असतो. पुढे काय, दुसरा कोणता गेम घ्यायचा, यावर ग्रुप उलट जागे होतात. आणि बंदी नसलेल्या ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’चे क्लॅनही याच वर्षांत रोडावले. बंदीने आधीच सैल झालेली वीण उसवली, एवढेच म्हणता येते.

त्याहून मोठे कारण वयाचे व स्थलांतराचे आहे. गावातील एका वर्गातली मुले एकाच वेळी खेळू लागतात, एकाच वर्षी बारावीला जातात आणि मग पुणे, नाशिक, सुरत अशी पांगतात. सुरतेत खानदेशी वस्ती मोठी आहे आणि भुसावळ-सुरत रेल्वेमार्गामुळे जाणे-येणे सोपे आहे, पण पाळीच्या कामावर लागलेल्या मुलाचे रिकामे तास गावातल्या मित्रांच्या तासांशी जुळत नाहीत. स्क्वॉडला वेळ जुळणे हीच पहिली अट. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) किंवा दिवाळीला मंडळी गावी आली की चार दिवस रूम लागते.

तांत्रिक बाबीही हातभार लावतात. सुमारे 120 दिवस न वापरलेले व्हॉट्सअ‍ॅप खाते साधारणतः पुसले जाते. नंबर बदलला आणि तसे कळवले नाही की सभासद आपोआप गळतो. ॲडमिननेच नंबर सोडला तर ॲडमिनपद ज्याच्याकडे जाते त्याला त्यात रस असेलच असे नाही. फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी सोय 2018 मध्ये आली. हरल्यावर झालेली शिवीगाळ थांबवायला ग्रुप रात्रीपुरता बंद केला जातो आणि पुष्कळदा तो पुन्हा उघडायचे राहून जाते. समूह बंद पडण्याचे हे अगदी साधे आणि टाळता येण्याजोगे कारण आहे.

नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा व धडगाव या सातपुड्यातील तालुक्यांमध्ये मोबाइलची रेंज सर्वत्र सारखी नाही. तेथे फोन एकमेकांजवळ आणून खेळायचे ऑफलाइन गेम अधिक सोयीचे ठरतात.

टिकून राहिलेले समूह : ठरावीक दिवशी सामने लावणारा एखादा माणूस ज्या समूहात आहे, तेथे बोलणे टिकलेले दिसते. सामन्यांचा तक्ता, गुणांवरून होणारे वाद, पंचाचा निर्णय यांतून प्रश्न पुन्हा निर्माण होतात. अशा स्थानिक स्पर्धांत प्रवेश फी व बक्षीस ठेवण्याची पद्धत आहे. 2025 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घातली. नोंदणीकृत ई-स्पोर्ट्स स्पर्धांची प्रवेश फी व कामगिरीवर मिळणारे बक्षीस मात्र त्यातून वगळले आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर भरणाऱ्या गावपातळीच्या सामन्यांची अशी नोंदणी सहसा नसते.