सेरेब्रल पाल्सी आणि प्रसूतीकाळातील वैद्यकीय निष्काळजीपणा

गर्भात, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात वाढत्या मेंदूला इजा झाली किंवा त्याची घडण बिघडली, तर मुलाच्या हालचालींवर आणि तोलावर आयुष्यभराचा परिणाम होतो. या विकाराला सेरेब्रल पाल्सी किंवा मेंदूचा पक्षाघात म्हणतात. मेंदूतील इजा पुढे वाढत नाही, तिचे परिणाम मात्र मूल मोठे होताना बदलत राहतात. काहींचे स्नायू ताठर होतात, काहींचे हातपाय मनाविरुद्ध वळतात. गिळणे आणि बोलणे जड जाते, फिट्स येतात. बुद्धी अनेकांची शाबूत असते, पण बोलता येत नसल्याने ती इतरांच्या लक्षात येत नाही. श्रीमंत देशांत हजार जन्मांमागे सुमारे दोन मुलांना हा विकार होतो. भारतासारख्या देशांत प्रमाण त्याहून अधिक आहे.

निदान कळले की घरात बाळंतपणाची उजळणी सुरू होते. बाळ लगेच रडले नव्हते, काचेच्या पेटीत ठेवावे लागले होते, सिझर उशिरा झाले होते. मग चूक डॉक्टरांची का? हा प्रश्न रास्त आहे. त्यात दोन वेगळे प्रश्न आहेत : इजा केव्हा आणि कशाने झाली, आणि ती टाळण्यासाठी जे करायला हवे होते ते केले गेले का.

अवघड प्रसूतीशी या विकाराचा संबंध ठळकपणे मांडला तो इंग्रज शल्यचिकित्सक विल्यम जॉन लिटल यांनी, १८६१ मध्ये लंडनच्या ऑब्स्टेट्रिकल सोसायटीपुढे. त्यानंतर दीर्घकाळ हा विकार ‘लिटलचा रोग’ म्हणूनच ओळखला जाई. पुढे मनोविश्लेषणासाठी प्रसिद्ध झालेले सिग्मंड फ्रॉइड हे तेव्हा मज्जाविकारतज्ज्ञ होते. १८९७ मध्ये त्यांनी वेगळी शंका मांडली : गर्भातच आधी काही बिघडलेले असेल आणि अवघड प्रसूती हे त्याचेच लक्षण असेल. या शंकेकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९८६ मध्ये नेल्सन आणि एलेनबर्ग या संशोधकांनी अमेरिकेतील सुमारे ५४,००० गर्भारपणांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा बहुतेक मुलांच्या बाबतीत जन्मवेळचे गुदमरणे हे कारण ठरत नाही असे दिसले. आजच्या अंदाजानुसार श्रीमंत देशांत असे गुदमरणे साधारण दहांतील एका मुलाच्या बाबतीत कारण असते. बाकीच्यांत अकाली जन्म, गर्भाची खुंटलेली वाढ, जंतुसंसर्ग, गर्भातच मेंदूचा रक्तपुरवठा तुटणे आणि जनुकीय दोष ही कारणे येतात. जिथे प्रसूतीची सोयच अपुरी आहे, तिथे गुदमरण्याचा वाटा मोठा असतो.

१९७० च्या दशकात बाळाचे ठोके सतत नोंदवणारे यंत्र सर्वत्र पसरले. त्यामुळे सेरेब्रल पाल्सी कमी होईल, अशी मोठी आशा होती. नवजात बाळांना येणारे झटके कमी झाले, सिझर वाढली. सेरेब्रल पाल्सीचे प्रमाण मात्र घटले नाही. तरीही त्या यंत्राची कागदी पट्टी पाश्चात्त्य न्यायालयांत मुख्य पुरावा होऊन बसली.

याचा अर्थ निष्काळजीपणा घडत नाही असा मुळीच नाही. कळा वाढवण्यासाठी ऑक्सिटोसिनचे सलाइन लावायचे आणि कळा किती जोरात, किती लागोपाठ येत आहेत हे कोणी पाहायचे नाही. ठोके मंदावत असताना वरिष्ठांना बोलवायचे नाही. बाळाने पोटातच शी केल्याचे दिसूनही पुढची तयारी ठेवायची नाही. न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटात पिशवी आणि मास्कने श्वास देणारे प्रशिक्षित माणूस खोलीत नसते. अशा चुकांची किंमत मूल जन्मभर मोजते. सर्वांत जास्त हळहळ वाटावी अशी चूक काविळीची आहे. रक्तातील बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य फार वाढले की ते मेंदूत उतरते आणि हातपाय वळणाऱ्या प्रकारची सेरेब्रल पाल्सी होते, सोबत बहिरेपणाही येतो. १९५० च्या दशकात इंग्लंडमधील रॉचफर्ड रुग्णालयात एका परिचारिकेच्या लक्षात आले की उन्हात ठेवलेल्या बाळांचा पिवळेपणा उतरतो. त्यातूनच प्रकाशोपचार जन्माला आला. पण चढत्या काविळीला कोवळे ऊन पुरत नाही. आई निगेटिव्ह रक्तगटाची असताना रक्ततपासणी न करता ‘सकाळी उन्हात धरा’ एवढे सांगून बाळाला घरी पाठवणे अक्षम्य आहे, कारण इथे उपाय स्वस्त आहे आणि हाताशीही आहे.

इजा प्रसूतीतच झाली का, हे ठरवताना डॉक्टर अनेक खुणा एकत्र पाहतात. नाळेच्या धमनीतील रक्ताचा पीएच (आम्लतेचे माप) ७.० च्या खाली असणे, पाचव्या आणि दहाव्या मिनिटाला अपगार गुण (श्वास, ठोके, रंग, हालचाल पाहून बाळाला दहापैकी दिले जाणारे गुण) पाचांहून कमी असणे, पहिल्या दिवसांत बाळ मलूल होऊन झटके येणे आणि एमआरआयमध्ये मेंदूच्या ठरावीक भागांत इजा दिसणे या त्या खुणा. थॅलॅमस आणि बेसल गँग्लिया हे मेंदूच्या खोलवरचे भाग दुखावले असतील, तर ऑक्सिजन एकाएकी तुटल्याचा संशय येतो. पूर्ण दिवसांच्या बाळात मेंदूच्या पोकळ्यांभोवतीचा पांढरा भाग खराब दिसला, तर इजा बहुधा कळा सुरू होण्याच्या कितीतरी आधीची असते. आपल्याकडे नाळेच्या रक्ताची तपासणी बहुतेक ठिकाणी होत नाही, त्यामुळे सगळी भिस्त केसपेपरवर राहते. गुदमरलेल्या बाळाला सहा तासांच्या आत थंड ठेवण्याच्या उपचाराबद्दलही सावध राहायला हवे. श्रीमंत देशांत तो उपयोगी ठरला. भारत, श्रीलंका आणि बांगलादेश येथे झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हेलिक्स’ चाचणीत मात्र त्याने फायदा झाला नाही, उलट मृत्यू वाढले. म्हणून भारतात तो दिला नाही एवढ्यावरून हलगर्जी सिद्ध होत नाही.

कायद्यात इंग्लंडमधील १९५७ च्या बोलम खटल्याची कसोटी प्रसिद्ध आहे : त्याच क्षेत्रातील जबाबदार डॉक्टरांनी मान्य केलेल्या पद्धतीने वागणारा डॉक्टर दोषी ठरत नाही. २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मॉन्टगोमेरी खटल्यात तिला मोठी मुरड घातली. आई मधुमेही आणि ठेंगणी होती. बाळाचा खांदा अडकण्याची शक्यता नऊ ते दहा टक्के असूनही तिला ते सांगितले नव्हते. खांदा अडकला आणि मुलाला सेरेब्रल पाल्सी झाली. धोका सांगण्याजोगा आहे की नाही हे त्या आईच्या जागी असलेल्या समंजस व्यक्तीच्या दृष्टीने ठरवावे, असे न्यायालयाने म्हटले. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या समीरा कोहली निकालात संमतीचा विचार डॉक्टरांच्या प्रचलित पद्धतीच्या अंगाने झाला आहे. हा फरक आपल्याकडच्या आयांच्या तोट्याचा आहे.

डॉक्टरच्या कर्तव्याची भारतीय मांडणी १९६८ च्या जोशी विरुद्ध गोडबोले या पुण्याच्या खटल्यापासून उद्धृत होते. खटला पाय मोडलेल्या तरुणाचा होता. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या शांता निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली, पण जिथे सर्वांनाच मोफत सेवा मिळते ती रुग्णालये त्याबाहेर राहिली. त्यामुळे अशा ठिकाणी बाळंत झालेल्या गरीब बाईला दिवाणी न्यायालयाचा लांबचा रस्ता धरावा लागतो. उपचारांचे कागद मागण्याचा रुग्णाचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मान्य केला. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणीनंतर ७२ तासांत कागद द्यावे लागतात आणि आंतररुग्णांची नोंद तीन वर्षे जपावी लागते. ग्राहक आयोगात तक्रारीला सर्वसाधारण मुदत दोन वर्षांची आहे. मूल मान धरत नाही, बसत नाही, उभे राहत नाही हे कळून निदान होईपर्यंत यातला बराच काळ निघून गेलेला असतो.

चूक सिद्ध झाली तरच पैसे, या रचनेत बहुसंख्य मुलांच्या हाती काहीच लागत नाही. जपानने वेगळी वाट काढली. तिथे २००६ मध्ये एका मातेच्या मृत्यूवरून प्रसूतितज्ज्ञाला अटक झाली, २००८ मध्ये तो निर्दोष सुटला. दरम्यान या शाखेकडे यायला डॉक्टर कचरू लागले. जानेवारी २००९ पासून प्रसूतीशी निगडित तीव्र सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला, कोणाचा दोष आहे हे न पाहता, एकूण ३ कोटी येन मिळू लागले : ६० लाख आरंभी, उरलेले २० वर्षांत विभागून. जन्मजात विकृतींमुळे झालेले प्रकार यात येत नाहीत. प्रत्येक प्रकरणाची तज्ज्ञ छाननी करतात, अहवाल कुटुंबाला आणि रुग्णालयाला दोघांनाही देतात. पैशाइतकेच मोल या अहवालाचे आहे, कारण ‘नेमके काय झाले’ याचे उत्तर आईबापांना वकील न करता मिळते.

भारतात अशी योजना नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालक नेमण्याची सोय आहे आणि ‘निरामय’ योजनेतून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे. मुंबईत १९७२ मध्ये मिथू अलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापून या मुलांसाठी शाळा सुरू केली. आज ही संस्था ‘अडॅप्ट’ नावाने काम करते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत तपासणी आणि फिजिओथेरपी मोफत मिळते. त्यासाठी कोणाची चूक होती हे सिद्ध करावे लागत नाही.