गाएत्जेन्स, जोसेफ एदुआर

(१९ मार्च १९२४ – बहुधा जुलै १९६४). अमेरिकेच्या संघाकडून विश्वचषक खेळलेला हैतीचा व्यावसायिक फुटबॉलपटू. जो गाएत्जेन्स या नावाने परिचित. जन्म पोर्ट-ओ-प्रिन्स येथे. हैतीत निव्वळ फुटबॉलवर चरितार्थ चालणे कठीण होते. त्यामुळे स्थानिक एत्वाल हाइतियेन क्लबकडून नाव कमावल्यावर तो १९४७ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लेखाशास्त्र शिकण्यास गेला. तेथे एका उपाहारगृहात तो भांडी घासत असे आणि त्याच मालकाच्या ब्रुकहॅटन संघाकडून खेळत असे. १९४९-५० च्या अमेरिकन सॉकर लीगमध्ये त्याने सर्वाधिक १८ गोल केले व ब्राझीलमधील विश्वचषकासाठी त्याची निवड झाली.

त्याची कीर्ती २९ जून १९५० रोजी बेलो होरिझोंते येथे इंग्लंडविरुद्ध केलेल्या गोलवर उभी आहे. अमेरिकेने सामना १–० असा जिंकला. गोल ३८ व्या मिनिटाला झाला. काही नोंदींत ३७ वे मिनिट आढळते. वॉल्टर बारने सुमारे २५ यार्डांवरून फटका मारला, गोलरक्षक बर्ट विल्यम्स तो अडवण्यासाठी सरकला आणि गाएत्जेन्सने झेपावून चेंडूला डोके लावले. चेंडू दिशा बदलून जाळ्यात गेला. हा हेडर जाणूनबुजून मारलेला की चेंडू नुसता डोक्याला लागून वळला, याबद्दल एकमत नाही. गोलचे चित्रीकरण उपलब्ध नसल्याने सारी भिस्त साक्षीदारांवर आहे. इंग्लंडकडील वृत्तान्तांचा कल योगायोगाकडे दिसतो. संघसहकाऱ्यांच्या मते मात्र असे अशक्यप्राय चेंडू गाठणे ही त्याची खासियतच होती. लीगमधील त्याची कामगिरी पाहता सहकाऱ्यांचे म्हणणे अधिक ग्राह्य वाटते.

दुसरा वाद पात्रतेचा. गाएत्जेन्स, स्कॉटलंडचा एड मॅकिल्व्हेनी व बेल्जियमचा जो माका हे तिघेही त्या वेळी अमेरिकेचे नागरिक नव्हते. नागरिकत्व घेण्याचा इरादा जाहीर केलेल्या खेळाडूस अमेरिकी संघटनेचे तत्कालीन नियम मुभा देत. फिफाने डिसेंबर १९५० मध्ये हा खुलासा मान्य केला. संघ नियमबाह्य होता हे विधान आजही अधूनमधून वाचनात येते, परंतु ते या निर्णयाशी जुळत नाही. गाएत्जेन्सने पुढे अमेरिकी नागरिकत्व घेतले नाही, ही गोष्ट वेगळी.

विश्वचषकानंतर तो फ्रान्समध्ये रेसिंग क्लब द पारी व नंतर आलेस या संघांत होता; पॅरिसमध्ये त्याला मोजकेच सामने मिळाले. मायदेशी परतल्यावर डिसेंबर १९५३ मध्ये तो विश्वचषक पात्रता फेरीत मेक्सिकोविरुद्ध हैतीकडून खेळला. पुढे त्याने ड्रायक्लीनिंगचा व्यवसाय केला.

हैतीतील १९५७ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्याचे कुटुंब पुढे हुकूमशहा बनलेल्या फ्रान्स्वा दुव्हालिएचे प्रतिस्पर्धी लुई देज्वा यांच्या बाजूने होते. स्वतः जो राजकारणापासून अलिप्त होता. तरीही दुव्हालिए आजीवन अध्यक्ष झाल्यावर काही आठवड्यांतच, ८ जुलै १९६४ रोजी, तोंतों माकूत या सरकारी हस्तकांनी त्याला पकडून नेले. फोर्ट दिमांश तुरुंगात त्याच महिन्यात त्याची हत्या झाली असावी, असे सामान्यतः मानले जाते; मृतदेह मिळाला नाही.

अमेरिकेच्या नॅशनल सॉकर हॉल ऑफ फेममध्ये १९७६ मध्ये त्याचा समावेश झाला.