मानेच्या गादीवरील दुर्बीण शस्त्रक्रिया

मानेच्या मणक्यांमधील गादी फुटून किंवा सरकून हाताकडे जाणारी नस दाबली गेली, की एक सेंटिमीटरहून लहान छेदातून दुर्बीण आत घालून ती नस मोकळी करण्याची शस्त्रक्रिया. पोटाच्या दुर्बीण शस्त्रक्रियेशी तिचे साम्य बेताचेच आहे. पोटात वायू भरून ऐसपैस जागा करता येते. मानेत ती सोय नाही. तिथे सलाइनचा प्रवाह सतत सोडून जेमतेम दिसण्यापुरती जागा मोकळी ठेवावी लागते आणि सगळे काम त्या पाण्याखाली चालते.

मानेत सात मणके आणि सहा गाद्या असतात, कारण पहिल्या दोन मणक्यांमध्ये गादी नसते. नसांच्या जोड्या मात्र आठ. गादीच्या मध्यभागी मऊ गर असतो आणि भोवती चिवट तंतूंचे कडे. कडे फाटले की गराचा तुकडा मागे, बहुधा एका बाजूला सरकतो आणि नस बाहेर पडण्याच्या छिद्रापाशी तिला चिमटा बसतो. पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांमधील गाद्या सर्वाधिक त्रास देतात. पहिल्या प्रकारात कळ अंगठ्याकडे जाते. दुसऱ्यात ती मधल्या बोटाकडे जाते आणि कोपर ताठ करण्याचा जोर कमी होतो. कित्येक रुग्णांना दुखरा हात डोक्यावर ठेवला की बरे वाटते, कारण त्या स्थितीत नसेवरचा ताण सैलावतो. एमआरआय बघण्याआधीच निदानाची दिशा दाखवणारी ही खूण आहे.

बहुसंख्य रुग्णांना शस्त्रक्रिया लागतच नाही. बाहेर आलेला तुकडा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते आणि काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, कळ ओसरते. औषधे आणि व्यायाम करूनही दीड-दोन महिन्यांनंतर असह्य वेदना टिकून असतील, किंवा हाताची ताकद घटत चालली असेल, तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो. खुद्द मज्जारज्जूच दाबला जात असेल तर गोष्ट वेगळी. शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळणे, चालताना तोल जाणे ही त्याची लक्षणे. तिथे थांबून चालत नाही, आणि दुर्बीणही सहसा योग्य ठरत नाही.

मानेच्या मागून हाडाला छिद्र पाडून नस मोकळी करण्याची पद्धत १९४० च्या दशकातली आहे. १९५० च्या दशकात पुढून, गळ्याच्या बाजूने, संपूर्ण गादी काढून दोन मणके जोडण्याची पद्धत आली आणि तीच पुढे रूढ झाली. तिचे निकाल उत्तम असतात, पण जोडलेल्या जागेची हालचाल कायमची जाते. दुर्बिणीने जुनाच मागचा मार्ग पुन्हा वापरात आणला. जर्मनीतील सेबास्टियन र्यूटन आणि सहकाऱ्यांनी ५.९ मिलिमीटर जाडीची दुर्बीण वापरून १७५ रुग्णांवर केलेली तुलनात्मक चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन वर्षांच्या पाठपुराव्यात दुर्बीण आणि मणके जोडणे या दोन्हींच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही.

पूर्ण भूल देऊन रुग्णाला पालथे झोपवतात. डोके शरीरापेक्षा किंचित उंच ठेवतात, म्हणजे शिरांतला रक्तस्राव कमी होतो. खांदे चिकटपट्टीने पायांच्या दिशेला ओढून बांधतात. तसे केले नाही तर सी-आर्मच्या, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असताना वापरायच्या क्ष-किरण यंत्राच्या, चित्रात खालचे मणके खांद्यांच्या सावलीत बुडतात आणि चुकीच्या पातळीवर काम होण्याचा धोका असतो. छेदातून आधी बोथट नळी हाडावर टेकवतात. हाड लागेपर्यंत हात घाईत चालवायचा नसतो, कारण मणक्यांच्या मागच्या हाडाच्या कमानींमधल्या फटीतून अणकुचीदार अवजार निसटले तर पुढे थेट मज्जारज्जू असतो. मग वरची कमान, खालची कमान आणि सांधा जिथे एकत्र येतात ती इंग्रजी व्ही अक्षरासारखी जागा शोधतात. तिथून हिऱ्याच्या कणांचे टोक असलेल्या ड्रिलने हाड झिजवायला सुरुवात होते. पडद्यावर हाडाची पूड पाण्यात धुरासारखी उठते आणि प्रवाहाबरोबर निघून जाते. सांध्याचा निम्म्याहून अधिक भाग काढला तर मणका डळमळीत होऊ शकतो, म्हणून तिथे हात आखडता घ्यावा लागतो. शेवटी हाडाचा पातळ पापुद्रा उचलला की पांढरट नस दिसते. गादीचा तुकडा बहुधा तिच्या खालच्या बगलेत दडलेला असतो, ओल्या कापसाच्या बोळ्यासारखा. तो चिमट्याने अलगद बाहेर येतो. उरलेल्या गादीला शक्यतो हात लावत नाहीत.

दोन लहान छेदांतून, एकात दुर्बीण आणि दुसऱ्यात हत्यारे, असाही प्रकार आहे. पुढून, श्वासनलिका-अन्ननलिका एका बाजूला आणि मानेची मोठी धमनी दुसऱ्या बाजूला सारून, गादीतूनच दुर्बीण नेण्याची पद्धतही आहे. तीत चांगल्या गादीलाही भोक पडते आणि पुढे तिची उंची घटू शकते.

छेदाची लांबी हा या शस्त्रक्रियेचा सर्वांत कमी महत्त्वाचा गुण मानायला हवा, जाहिराती मात्र तिच्यावरच भर देतात. निर्णय ठरतो तो तुकडा नेमका कुठे आहे यावर. तो मज्जारज्जूच्या कडेला, बाजूला असेल तर मागून पोहोचता येते. मधोमध असेल तर मागून जाताना मज्जारज्जूच आड येतो, आणि मज्जारज्जू बाजूला सारता येत नाही. मानेचा बाक उलटा झालेला असेल किंवा मणके अस्थिर असतील तरीही हा मार्ग टाळतात.

नस तात्पुरती बधिर होणे, क्वचित दंड उचलण्याची ताकद जाणे, मज्जारज्जूचे आवरण फाटणे, आत रक्त साकळणे हे धोके आहेत. सलाइनचा दाब वाढला तर मज्जारज्जूवरही दाब येतो, म्हणून पाणी बाहेर पडायची वाट सतत मोकळी हवी. हे तंत्र हातात बसायला वेळ लागतो.

रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो. हाताची कळ सर्वांत आधी जाते. बधिरपणा रेंगाळतो आणि ताकद महिन्यांच्या हिशेबाने परतते. त्याच गादीतून पुन्हा तुकडा बाहेर येऊ शकतो. तसे झाले तर पुढून गादी काढून मणके जोडण्याचा पर्याय शिल्लक असतो, आणि त्या बाजूच्या ऊतींना आधी हात लागलेला नसतो.