कवटीच्या वाटेने येणारा आवाज

रानडुकरं आणि रोही तुरीत शिरू नयेत म्हणून विदर्भातल्या शेतांत जागल चालते. ती टाळायला नाना यंत्रं निघाली आहेत. त्यातलंच एक 'माणसाला ऐकू न येणारा आवाज' काढणारं. ते सुरू केलं की बांधावर वाद ठरलेला. नातू म्हणतो, "आबाजी, टिकटिक येऊन राहिली ना!" आबाजी म्हणतात, "मले तं काईच आयकू नाई येऊन राहिलं."

दोघंही खरंच बोलतात. माणसाच्या कानाची वरची हद्द 20 किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 20 हजार कंपनं, तीही पोरवयातली. आतल्या कानाच्या शंखात उंच आवाज टिपणाऱ्या केसपेशी अगदी तोंडाशी असतात आणि वयानुसार त्याच आधी झिजतात. जुन्या डब्बा टीव्हीची 15,625 हर्ट्झची शीळ पोरांनाच ऐकू यायची, ती यामुळेच. शिवाय यंत्राचा आवाज तुटक असेल, तर दर सुरू-बंदला टिक उमटते. नातवाने ऐकली ती बहुधा हीच, अल्ट्रासाउंड (20 किलोहर्ट्झच्या वरचा आवाज) नव्हे. डुकराला 40 किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं खरं, पण एवढा उंच आवाज हवेतच मीटरमागे डेसिबलभर विरतो. एकराच्या पल्याड काय उरणार? मी तरी त्यावर पैसे टाकणार नाही.

मग 20 किलोहर्ट्झच्या वरचं आपल्याला काहीच कळत नाही? हवेतून नाही. पण कंप पावणारं उपकरण कानामागच्या हाडाला टेकवलं, की कळतं! पम्फ्री या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1950 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात ही हद्द 100 किलोहर्ट्झपर्यंत जात असल्याचं लिहिलं. कानाचा पडदा आणि त्यामागची तीन हाडं एवढी जलद कंपनं पुढे जाऊ देत नाहीत. कवटीतून ती थेट आत पोचतात. गंमत म्हणजे 30 किलोहर्ट्झ असो की 60, भासते ती साधारण एकाच सुराची तीक्ष्ण शीळ.

1991 मध्ये अमेरिकेत मार्टिन लेनहार्ट आणि सहकाऱ्यांनी माणसाचं बोलणं अशा कंपनांवर चढवून हाडातून ऐकवलं. ठार बहिऱ्या म्हणाव्या अशा काही जणांनाही त्यातले शब्द ओळखता आले. ते ऐकलं कशाने, यावर मात्र एकमत नाही. लेनहार्ट यांचा रोख आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इवल्या पिशवीवर होता. इतर अनेकांच्या मते शंखाच्या तोंडाशी उरलेल्या केसपेशीच ते काम करतात.