इंजिन दुरुस्ती : इंजिन किती उघडावे

मोटारीच्या इंजिनात बिघाड झाल्यावर तो काढण्यासाठी किती भाग सोडवायचे, याचा निर्णय. टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचे वरचे झाकण, काढून भागणाऱ्या कामापासून क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन फिरवतात तो तळाचा दांडा, बाहेर काढण्यापर्यंत त्याची व्याप्ती असू शकते. हेडपुरत्या (व्हॉल्व्ह असलेल्या वरच्या भागापुरत्या) कामाला टॉप ओव्हरहॉल आणि ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य सांगाडा) रिकामा करून केलेल्या कामाला फुल ओव्हरहॉल म्हणतात.

निर्णयाचा मोठा भाग हाती पाना घेण्याआधीच होतो, किमान व्हायला हवा. पहिली तपासणी कॉम्प्रेशनची, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये किती दाब तयार करतो याची. पेट्रोल इंजिनात ते साधारण १० ते १४ बार भरते, पण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त बोलका असतो. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. दाब चढला तर पिस्टनवरच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजले असण्याची शक्यता जास्त. चढला नाही तर संशय व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटवर (हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलवर) जातो. शेजारचे दोन्ही सिलिंडर सारखेच पडलेले असतील तर त्यांच्यामधली गॅस्केटची पट्टी जळलेली असू शकते.

लीकेज टेस्ट, म्हणजे दाब कुठून गळतो याची तपासणी, याहून नेमकी. पिस्टन कॉम्प्रेशनच्या शेवटी वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडायची आणि कान द्यायचा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हवेच्या मार्गातून आली तर इनटेक व्हॉल्व्ह. रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर गॅस्केट गेले आहे किंवा हेडला अथवा ब्लॉकला तडा आहे. ऑइल भरण्याच्या तोंडाशी येणारा आवाज म्हणजे रिंगांवरून उतरणारी हवा; ती धडधाकट इंजिनातही थोडी असतेच, तेवढ्यावरून पिस्टन काढायला धावू नये.

काही कामांना हेडही उतरवावे लागत नाही. सिलिंडरमध्ये हवेचा दाब धरून ठेवला की व्हॉल्व्ह खाली पडत नाहीत आणि त्यांची ऑइल सील जागेवरच बदलता येतात. काही इंजिनांत ऑइल चेंबर (तळाची ऑइलची टाकी) उतरवून कनेक्टिंग रॉडची, म्हणजे पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याची, बेअरिंगेही खालूनच घालता येतात.

हेड उतरवले की निर्णय पुन्हा घ्यावा लागतो. हेडच्या पृष्ठभागावर सरळ पट्टी ठेवून फटीत फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालतात. बऱ्याच इंजिनांत ०.०५ ते ०.१ मिमीपेक्षा जास्त वाक चालत नाही. ताणून बसवायचे बोल्ट असतील तर ते नवेच लागतात. बोअरच्या भिंतीवर होनिंगच्या (दगडाने घासून केलेल्या) तिरक्या रेघा शाबूत दिसल्या आणि वर नखाला लागेल असा काठ नसला, तर खालचा भाग न छेडणे उत्तम. ‘एवढं उघडलंच आहे तर रिंगाही टाकून घेऊ’ हा सल्ला येथेच हमखास मिळतो. तो दिसतो तितका स्वस्त नाही. पिस्टन वर काढायला बहुतेक इंजिनांत चेंबर आणि बेअरिंग कॅप सोडवाव्या लागतात, आणि लंबगोल झालेल्या बोअरमध्ये नव्या रिंगा नीट बसत नाहीत. म्हणून आधी बोअर वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी मोजावे. मर्यादेबाहेर गेले असेल तर बोअरिंग करून ओव्हरसाइझ पिस्टन किंवा नवे लायनर (सिलिंडरमध्ये बसणारी नळी), म्हणजे फुल ओव्हरहॉलच. मर्यादेत असेल तर हलके होनिंग पुरते. सोडवलेल्या प्रत्येक कॅपवर खूण करावी, कारण त्यांची अदलाबदल चालत नाही.

बेअरिंग खराब झाले असेल, म्हणजे ऑइलमध्ये धातूचे चमकते कण असतील आणि खालून जड ठोका येत असेल, तर मात्र अर्धवट काम निरुपयोगी. कण ऑइलच्या वाहिन्यांत आणि ऑइल कूलरमध्ये पसरलेले असतात. वाहिन्यांचे प्लग काढून त्या धुतल्याशिवाय नवी बेअरिंगेही लवकरच खराब होतात. क्रँकशाफ्टचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) घासून, बहुधा ०.२५ मिमीच्या टप्प्याने, लहान करून अंडरसाइझ बेअरिंगे घालता येतात. शेवटच्या टप्प्याखालीही जर्नल गेले असेल तर क्रँक बदलावा लागतो, आणि सोबत ब्लॉकलाही तडा असेल तर दुसरे इंजिन बसवणेच परवडते.